खाली येणारं सिंहासन आणि वर येणारी जमीन

बसा. पाय आत घ्या. माझा घसा बसलाय, कंबर धरलीय, पण तुमच्या आयांना दुपारची झोप पाहिजे, म्हणून गोष्ट मी सांगायची. मधे कुणी "मग?" म्हणायचं नाही. मग काय झालं ते मीच सांगणार आहे.

एका जंगलात सिंहाचं सिंहासन तेलावर चालायचं. गॅरेजात मोटार वर उचलतात ना, तसं. जमिनीत नळकांडं, नळकांड्यात तेल, तेलावर दांडा, दांड्यावर सिंह. पंप मारला की तेलाला दाब बसायचा आणि महाराज झाडाच्या शेंड्याला.

दरबाराचा कायदा एकच. कुणाचं डोकं महाराजांच्या पायांपेक्षा वर जाता कामा नये. गेलं तर ते महाराजांनी खायचं.

याची धास्ती एकट्या मानाजीला. मानाजी हा उंट. जंगलात उंट कसा आला ते विचारू नका. आला. आधी त्याला काळजी नव्हती. झाडाचा शेंडा कुठं, त्याची मान कुठं. पण एके दिवशी त्याला महाराजांची नखं जरा जास्तच स्वच्छ दिसली. पुढं नखांतली माती दिसायला लागली. सिंहासन खाली येत होतं.

मानाजीनं मान वाकवली. रोज थोडी जास्त. शेवटी हनुवटी गुडघ्याला टेकली, आणि ससा विचारायला लागला की मानाजीकाका, काही हरवलंय का?

त्यानं फिटरला गाठलं. फिटर म्हणजे रानडुक्कर, नाव घमाजी. घमाजी आधी लाथ मारायचा, मग बघायचा. त्यानं नळकांड्याला लाथ घातली, तेलाची चिळकांडी नाकात गेली, तेव्हा म्हणाला वॉशर गेलंय. तोंडाशी बसतं ते, तेल आत धरून ठेवतं. बांगडीएवढी रबरी वस्तू. पण सिंहासन पार खाली घेऊन दाब सोडल्याशिवाय नट खोलायचा नाही. नाहीतर नट एकीकडं, महाराज दुसरीकडं.

मानाजीनं महाराजांना विनवलं, घटकाभर खाली यावं.

महाराजांनी त्याच्याकडं वरून बघितलं. फार वरून नाही.

"खाली उतरलेला राजा परत चढताना तू कधी बघितलायस?"

मानाजीनं बघितला नव्हता.

मग नुसतं तेल ओतायचं ठरलं. ज्याला जे जमेल ते. अस्वलानं करडईचं आणलं. माकडीण माक्याचं घेऊन आली, केसांना गुण आला तर सिंहासनाला का येणार नाही म्हणे. वरून ओतलं, खालून गळालं. दरबाराला भज्यांचा वास सुटला, पण सिंहासन काही थांबेना.

आता महाराजांनाही शंका आली. त्यांनी प्रधानाला विचारलं. प्रधान कोल्हा. त्यानं एक डोळा मिटून वर बघितलं, दुसरा मिटून खाली बघितलं.

"सिंहासन जागेवरच आहे, महाराज. जमीन वर येतेय."

हे कुणालाच सुचलं नव्हतं.

लगेच हुकूम निघाला, जमिनीचा माज उतरवा. सिंहासनाभोवती दरबार खणायला घ्या. मानाजी सगळ्यांच्या पुढं. डोकं त्याचं जाणार होतं ना. सिंहासन वीतभर खाली आलं की खड्डा हातभर खोल. खणता खणता एके सकाळी मानाजीची मान सरळ झाली. त्याला आभाळ दिसलं. आभाळात महाराजांचे पाय दिसले, चांगले उंच. तो रडला.

महाराज खूश. त्यांनी खड्डाखातं काढलं आणि मानाजीला त्याचा मुख्य केला. मुख्यानं खणायचं नसतं. "तिथं उंचवटा राहिलाय" एवढं म्हणायचं असतं. हाताखाली घुशी, साळिंदरं, सगळी खणणारी जात. ससा आता मानाजीसाहेब म्हणायचा, तेही उठून उभा राहून.

शेवटी सिंहासन तळाला टेकलं. दाब संपला. महाराज वर बसल्या बसल्या घोरत होते. घमाजी धापा टाकत आला. सुळ्यात नवंकोरं वॉशर अडकवलेलं.

"साहेब, आता दाब नाही. हत्ती महाराजांना आसनासकट अलगद उचलून धरील, तेवढ्यात मी हे बसवतो. पान चघळून होईस्तोवर काम. मग पंप मारला की महाराज शेंड्याला, आणि हा खड्डा टाकू बुजवून. धरा जरा, हत्तीला बोलावतो."

मानाजीनं वॉशर तोंडात धरलं. उंटाला हात कुठले.

त्यानं खड्ड्याकडं बघितलं. घुशी बघितल्या. ससा उठून उभा राहिला. महाराज शेंड्याला गेले तर मान वाचणारच होती, हे त्याला कळत होतं. पण नुसत्या मानेला साहेब कोण म्हणतं?

घमाजी हत्तीला घेऊन परत आला आणि म्हणाला, द्या.

मानाजी चघळत होता. रबर चिवट होतं, पण उंटानं बाभळी पचवलेल्या असतात. त्यानं गिळलं. ढेकर दिला.

"जमीन परत वर यायला लागलीय, घमाजी," तो म्हणाला. "कुदळ घे."

तात्पर्य: बिघाड सापडला की लगेच दुरुस्त करू नये. आधी त्याच्यावर खातं काढावं आणि आपण मुख्य व्हावं. मग बिघाडाला कुणी हात लावत नाही, आणि दोष जमिनीचा ठरतो. हे ज्याला शिकवावं लागलं नाही, आणि भर पंगतीत मला अडाणी म्हणून ज्यानं अजून माफी मागितलेली नाही, तो माणूस एकच. निवृत्ती ढेंबरे.