रंभाजी अस्वलाची बिनदाराची गाडी

एका जंगलात, बाळांनो, रंभाजी नावाचं अस्वल गाड्या बनवायचं. त्याच्या गाड्या खोक्यासारख्या दिसायच्या. पण कुथत का होईना, चढ चढायच्या.

एकदा सिंहमहाराजांचा निरोप आला. "वाघाच्या मुलीच्या लग्नाला जायचंय. अशी गाडी बनव, की नवरीकडे कुणी बघता कामा नये. जमलं नाही, तर पंगतीत तू. वाढायला नव्हे, पानात!"

रंभाजीला घाम फुटला. अस्वलाला घाम फुटला, की लवकर वाळत नाही.

राजाचा सल्लागार कोल्हा म्हणाला, "रंभाजीराव, एआयला सांगा की! शब्द टाकायचे, चित्र घ्यायचं. डोक्याला ताप नाही."

रंभाजीने लिहिलं, 'राजाला शोभेल अशी गाडी.'

चित्र आलं. काय गाडी होती! मोरपंखी रंग, चंद्रकोरीसारखे दिवे. चाकं पाच, पाचवं टपावर. दार मात्र एकही नाही.

'दार दाखव,' रंभाजीने लिहिलं. यंत्राने सोळा दारं दाखवली. सगळी चाकांना.

"अहो, यात बसायचं कसं?" त्याच्या बायकोने, येसूने विचारलं.

"तेच विचारतोय त्याला."

"मग काय म्हणतो?"

"म्हणतो, फार सुंदर प्रश्न आहे."

तेवढ्यात कोल्ह्याने पहिलं चित्र दरबारात नेलंसुद्धा. महाराज खूश. "हीच गाडी! हुबेहूब हीच!"

"महाराज, हिला दार नाही," मागोमाग पोचलेला रंभाजी चाचरत म्हणाला.

"आम्हाला दारात अडवणार कोण?"

"इंजिनालाही जागा नाही, महाराज."

"जुनाट विचार!" कोल्हा म्हणाला. दरबार खो खो हसला. रंभाजीला पंगत आठवली. त्याने चित्राबरहुकूम गाडी बनवली.

लग्नाचा दिवस उजाडला. हत्तीने महाराजांना सोंडेने उचलून टपावरून आत सोडलं. महाराजांनी स्टिअरिंग फिरवलं. टपावरचं चाक गरगर फिरलं. गाडी जागची हलेना.

रंभाजीने डोळे मिटले.

"स्वयंचलित आहे, महाराज. जरा वेळ लागतो," कोल्हा म्हणाला, आणि हळूच वरातीचं सामान वाहणाऱ्या गाढवांना खूण केली. गाढवांनी गाडी पाठीवर घेतली.

गाडी निघाली. दुतर्फा गर्दी. "कमाल आहे! ना धूर, ना आवाज!"

"खरंच कमाल," गाडीखालचं एक गाढव धापा टाकत म्हणालं. "आपोआप चालते हो!"

लग्नात नवरीकडे कुणी बघितलं नाही. नवऱ्यानेही नाही. रंभाजीला शाल-श्रीफळ मिळालं.

"अहो, पण ती चालत नाही," तो कळवळून म्हणाला.

"किती हा विनय!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग घरोघरी तशाच गाड्या आल्या. वाघाला एक, लांडग्याला एक, कोल्ह्याला दोन. गाढवांना दिवसरात्र काम. शेवटी थकलेली गाढवं रंभाजीकडे आली.

"रंभाजीदादा, कामावर येता-जाता पाय दुखतात. आम्हालाही एक गाडी द्या ना."

रंभाजीने कपाळाला हात लावला. "आणि ती उचलणार कोण?"

गाढवांनी बराच वेळ विचार केला. मग त्यांचे चेहरे खुलले.

आता निम्मी गाढवं गाडीत बसून कामाला जातात, निम्मी त्यांना नेतात. जंगलात याला प्रगती म्हणतात.

तात्पर्य : कल्पनेला इंजिन नसलं तरी अडत नाही. खाली पाठी भरपूर हव्यात.