ठकीची शाळा आदर्श होते

बरं का मुलांनो, एका जंगलात ओढ्यापलीकडे साळिंदरांची वस्ती होती. तिथले आईबाप उजाडलं की कंद खणायला जात. धाकट्या पिल्लांना थोरल्या बहिणी सांभाळत.

अशीच एक थोरली होती ठकी. टेकडीवरच्या शाळेत तिचं नाव घातलेलं होतं. पण कडेवर भाऊ घेऊन आलेल्या मुलीला तिथे वर्गात बसू देत नसत. म्हणून ठकीचं नुसतं नावच शाळेत असायचं.

ओढ्याकाठी एक मुंगूसबाई राहत. त्यांनी एकदा ठकीला विचारलं, "शिकायचंय का गं?"

"शिकायचंय. पण धाकट्या भावाला, गोट्याला कुठे ठेवू?"

"ठेवतेस कशाला? घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी ठकीसारख्या आणखी थोरल्या बहिणीही भावंडं घेऊन आल्या आणि करंजाखाली शाळा भरली. बाई ओल्या वाळूत लिहीत. शब्द साळिंदरांच्याच बोलीतले. गोट्या त्या शब्दांवरून लोळत जाई, मग सगळ्यांना ते पुन्हा काढावे लागत. अक्षरं पक्की झाली ती त्यामुळेच. गोट्याला मांडीवर घेतलं की काटे टोचत. तरी बाई घेत. पावसाळा सरला तेव्हा ठकी वाचू लागली होती.

ही बातमी दरबारात पोचली. सिंहमहाराजांनी परदेशातून आलेल्या एका विद्वान रोहित पक्ष्याला पाहणीसाठी धाडलं. त्याने एका पायावर उभं राहून सगळा वर्ग पाहिला. त्याचे डोळे भरून आले.

"बाई, तुम्ही हे काय केलंत, ठाऊक आहे?"

"शिकवलं."

"छे छे! हा पर्यायी शिक्षणाचा आदर्श प्रयोग आहे! तो जंगलोजंगली पोचला पाहिजे."

तो पोचवायला मुंगूसबाईंनाच पाठवायचं ठरलं.

"आणि ही माझी पिल्लं?" बाईंनी विचारलं.

"त्यांची काळजी आता दरबार घेईल."

मग बाई लांबलांबच्या जंगलांत वाळूत कसं लिहावं यावर भाषणं देऊ लागल्या. इकडे दरबाराने काळजी घेतली. करंज तोडून तिथे इमारत बांधली. वाळू काचेच्या पेटीत ठेवली, पाहुण्यांना दाखवायला. पोपट गुरुजी नेमले. ते दरबारी भाषेत शिकवू लागले.

पहिल्याच दिवशी ठकी गोट्याला घेऊन आली. फाटकावर रानडुक्कर रखवालदार होता.

"ए, कडेवर काय आहे?"

"भाऊ."

"वाचता येतं का?"

"येतं."

"मग ती पाटी वाच."

ठकीने वाचलं, "मुंगूसबाई आदर्श मुक्त शाळा. भावंडांना आणण्यास सक्त मनाई."

"वा! छान वाचतेस की. कुठे शिकलीस?"

"इथेच."

रखवालदाराने कौतुकाने मान डोलावली आणि फाटक लावून घेतलं.

ठकीला रडू येत होतं. पण गोट्याने आधीच भोकाड पसरलं होतं. तेव्हा तिने स्वतःचं रडू मागे ठेवलं आणि त्याला उगी करत घरी नेलं.

तात्पर्य: मुलांनो, एखादी शाळा खरोखर चांगली चालली असेल, तर कुणाला सांगू नका. कौतुक करणारे कधी येऊन थडकतील, नेम नाही.