दत्तूतात्यांचं उडतं लायसन

राजारामपुरीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे दत्तूतात्या हल्ली जेवायला बसण्यापूर्वी बोट ओलं करून वारा बघतात. मग ताटावर नजर फिरवून मोठ्यानं म्हणतात, "भाकरी ओके, रस्सा ओके, मागं माणूस न्हाय." त्यानंतरच पहिला घास. मागं त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, वाढायला उभ्या असल्या तरी माणूस न्हायच.

हे खूळ ड्रोनच्या क्लासचं; तिथं उडवण्याआधी वारा, यंत्र, आसपासची माणसं असं एकेक मोठ्यानं तपासायला शिकवतात. लोकांच्या शेतात ड्रोननं फवारणी करून द्यायची तर सरकारी परवाना लागतो, आणि पासष्टी ओलांडली की तो मिळत नाही. तात्यांची पासष्टी दिवाळीनंतर. म्हणजे हा डाव हुकला की खेळ खलास. या वयात हे कशाला, असं ज्यानं त्यानं विचारून झालं. उत्तर एकच, "वरनं बघाय पायजे."

हे वाक्य त्यांना कुठंही चालतं. रिक्षा गर्दीत अडकली, वरनं बघाय पायजे. माझ्या भाच्याचं लग्न जमेना, तर त्यांच्या मते स्थळंसुद्धा वरनंच बघाय पायजेत.

क्लास शिरोली एमआयडीसीच्या पलीकडं. तात्या माझ्या स्कूटरवर मागं बसायचे आणि उतार आला की कानाशी ओरडायचे, उंची सांभाळ. शिकवणारे सर त्यांच्या नातवाच्या वयाचे, पण तात्या त्यांना वाकून नमस्कार करायचे आणि डब्यातली अर्धी भाकरी बळंबळं खायला घालायचे. लेखी परीक्षा पास झाल्यावर अख्ख्या इमारतीला पेढे मिळाले. उरली होती ती उडवायची परीक्षा.

घोळ झाला तो तिथं. आपल्याकडं नवा ट्रॅक्टर दारात आला तरी पूजेशिवाय चाक हलत नाही. तात्यांनी जोतिबाचं नाव घेतलं, खिशातली पुडी सोडली आणि ड्रोनवर मूठभर गुलाल उधळला. चांगभलं म्हणाले. मग नियमाप्रमाणं एकेक गोष्ट 'ओके' करून पंखे सुरू केले.

परीक्षक पांढरा शर्ट घालून आले होते, एवढंच सांगतो.

गुलाल खाली बसला तेव्हा तो शर्ट गुलाबी झाला होता. एवढे दिवस त्यांची टिंगल करणारा मी, पण त्या क्षणी मीही मनातल्या मनात चांगभलं म्हणालो. परीक्षकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "गाव कोणतं, पावणं?" तात्यांनी जोतिबाच्या डोंगराकडं हात केला. परीक्षकांनी तिकडं बघून हात जोडले आणि म्हणाले, ड्रोन पुसून घ्या आणि परत उडवा.

तात्यांनी काय उडवला म्हणता! चौकोन काढला, आठाचा आकडा काढला आणि आखलेल्या गोलात अलगद उतरवला.

परवाना हातात आल्यावर पहिलं गिऱ्हाईक कोण, यावर इमारतीत पैजा लागल्या. तात्या भाड्याचा ड्रोन आणि मला घेऊन डोंगराच्या पायथ्याला स्वतःच्याच उसात गेले. काकी आधीच पोचल्या होत्या. साडीवर तात्यांचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल. ऊस वाढला की त्याची पाती हात कापतात. तरी वर्षानुवर्षं तात्यांच्या पाठीवरच्या पंपाला पाणी पुरवत त्या सरीसरीनं फिरत आलेल्या. हे मला त्या दिवशी कळलं.

"त्यो शर्ट काढ," तात्या म्हणाले. "आता उसात शिरायचं न्हाय तुला."

"मग मी करू काय?"

"बस की सावलीला."

काकी जरा वेळ सरीच्या तोंडाशी घुटमळल्या. शेवटी शर्टाची घडी मांडीवर ठेवून त्या बांधावर टेकल्या आणि हातावरचे जुने ओरखडे चोळत वर बघू लागल्या.

उडवणाऱ्यानं ड्रोनवरची नजर हलवायची नाही, असा नियम आहे. तात्यांनी ती पुन्हा पुन्हा बांधाकडं हलवली.