काळ्या पडद्यापाशी कोण होतं?

हॉल म्हणजे पूर्वीचं नाटकाचं थिएटर. मालकाने खुर्च्या काढून टाकण्यापलीकडे त्यात काही बदललेलं नव्हतं. भिंती काळ्या, छत काळं, स्टेजच्या मागचा मखमली पडदाही काळाच. भर सकाळी आत अंधार आणि उजेड म्हणून वरून जांभळे दिवे सोडलेले. त्या उजेडात नवरा मुलगा नुकताच विहिरीतून वर काढल्यासारखा दिसत होता.

"एखादा पांढरा दिवा लावता येईल का?" फोटोग्राफरने मॅनेजरला विचारलं.

"लोक या लायटिंगसाठीच हा हॉल घेतात," मॅनेजर म्हणाला आणि जांभळे दिवे आणखी थोडे वाढवून गेला.

लग्न लागलं. मंडळी भेटायला स्टेजवर येऊ लागली, तेव्हा फोटोग्राफरने बाजूला होऊन काढलेले फोटो तपासले. नवरीच्या खांद्यामागे, पडद्यापाशी, एक चेहरा होता. नुसता चेहरा. खाली गळा नाही, खांदे नाहीत. गाल बसलेले, नाक धारदार आणि नजर नवरीवर. त्याने स्क्रीन पुसली, मग चष्मा पुसला. चेहरा काही पुसला गेला नाही. वर पाहिलं तर पडद्यापाशी कोणीच नव्हतं.

"माझा फोटो दाखवा बघू," नवरीची आत्या मागून म्हणाली. "हनुवटी एकच आली पाहिजे." तिने वाकून पाहिलं आणि हनुवटीचं विसरूनच गेली. "अहो, हे तर आमचे अण्णा. माझे वडील."

"असं होय," फोटोग्राफरच्या जिवात जीव आला. "कुठे असतात ते?"

"कुठेच नसतात. वारले ते."

पुढच्या काही मिनिटांत नवरा-नवरीला कोणी विचारेना. सगळं घर कॅमेऱ्याभोवती गोळा झालं. नवरीचे वडील एकच फोटो पुन्हा पुन्हा बघत होते. आत्या मात्र सावरली होती. "अण्णा नातीच्या लग्नाला आलेत, तर प्रत्येकाने त्यांच्यासोबत एकेक फोटो काढून घ्या," तिने फर्मान काढलं आणि पडद्यापुढे रांग लागली.

फोटोग्राफरला तिथून पळावंसं वाटत होतं, पण क्लिक करणं भाग होतं. पहिल्याच फोटोत नव्या जावईबापूंच्या कानामागे चेहरा उमटला. आत्या पडद्यापाशीच्या अंधाराला म्हणाली, "अण्णा, जरा उजेडात या. अर्धेच येताय."

आता मात्र फोटोग्राफरला राहवेना. "फ्लॅशची वायर बघून येतो," असं पुटपुटत तो पडद्यामागे गेला आणि मोबाइलचा टॉर्च लावला. पडद्याच्या फटीत एक गृहस्थ उभे होते. काळा सूट, काळा शर्ट, बुटांनाही काळं पॉलिश.

"ओरडू नका," ते हळूच म्हणाले. "मी नवरीचा धाकटा काका. पोरीला बघतो आणि जातो. चेहरा वडिलांवर गेलाय, त्याला मी काय करणार?"

"अहो, सगळे तुम्हाला मेलेला माणूस समजताहेत."

"दादाच्या लेखी मी तसाही मेलेलोच आहे. अण्णांच्या आजारपणात कुठे होतास, असं तो चारचौघांत म्हणाला. तेव्हापासून मी त्याच्या घराची पायरी चढलेलो नाही."

काका निघायला वळले, पण ते आले त्या मागच्या दाराशी एव्हाना केटररने भांड्यांची चळत रचून ठेवलेली. पुढे रांग. जायचं कुठून?

फोटोग्राफर परत आला, तेव्हा नवरीच्या वडिलांची पाळी होती. त्यांनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं आणि पडद्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यामुळे फोटोत फक्त पाठ येणार होती. पण तसं सांगायचा फोटोग्राफरला धीर होईना.

"अण्णा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "धाकट्याला मी नको ते बोललो. तो चिडून गेला, आणि मी बोलवायलाही गेलो नाही. तुम्ही त्याला भेटलात तर एवढं सांगा."

पडदा हलला. त्या काळोखातून आधी चेहरा आणि मग दोन हात बाहेर आले. नवरीचे वडील दोन पावलं मागे सरले. आत्या मागे खुर्ची आहे असं समजून खाली बसली. खुर्ची नव्हती.

"दादा, मी आहे रे," चेहरा म्हणाला. "अण्णा नाहीत."

वडिलांनी त्याचा हात चाचपून पाहिला. गरम होता. मग कितीतरी वेळ तो हात त्यांनी सोडला नाही. शेवटी म्हणाले, "जेवलास का?"

जेवणं सुरू झाली. दोघे भाऊ एकाच टेबलावर बसले. नवरी मधे येऊन काकाला वाढून गेली. दादा गोड आणायला उठले, तेव्हा काकांनी फोटोग्राफरला बोलावलं आणि कॅमेरा मागून घेतला.

"हा मी. हाही मीच," ते हसत बटण दाबत मागे मागे जात राहिले. मग थांबले. "आणि हे कधीचे?"

"लग्न लागतानाचे. तुम्हीच आहात की."

"लग्न लागलं तेव्हा मी स्टेशनवर रिक्षा शोधत होतो," काका म्हणाले. त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. मग कॅमेरा बंद करून परत दिला. "दादाला सांगू नका. ते अण्णा नव्हते म्हणून तर त्याच्या घशाखाली आत्ता कुठे घास उतरतोय."

फोटोग्राफरने मान हलवली. पंखा, पाण्याचा जग आणि चांगली ऐसपैस खुर्ची स्टेजकडे पाठ येईल अशा बाजूला होती. तो मुकाट्याने समोरच्या मोडक्या स्टुलावर बसला आणि पडद्यावर नजर ठेवून जेवला.