गुरुजींनी बुजवलेल्या बारा फटी

चूक वसंतराव गुरुजींची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण जळकोटात लोक अजून "पोराचंच चुकलं" म्हणतात आणि गुरुजी शेजारी बसून मान डोलावतात. छत्तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या चुकांखाली रेघा ओढल्या, त्याला स्वतःची चूक दिसावी तरी कशी? सवयच नाही.

रणधीर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मेकॅनिकल डिप्लोमाचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडून घरी आलेला. ("सोडून" हा रणधीरचा शब्द. गुरुजी "पळून" म्हणतात.) त्याचं म्हणणं साधं होतं. कॉलेजातलं इंजिन फळ्यावर असतं आणि फळ्यावरचं इंजिन कुणाच्या बापाला सुरू होत नाही. घराची हायवेला लागून पत्र्याची शेड होती. समोरून हैदराबादकडे जाणारे ट्रक दिवसभर धडधडत जायचे. त्यातला एखादा तरी दाराशी बंद पडणारच. तिथं गॅरेज टाकायचं, एवढंच त्याला पाहिजे होतं.

गुरुजींनी अट घातली. घरचा जुना तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर दोन वर्षांपूर्वी काळा धूर ओकून गोठ्यात बसला होता. "तो खोल, बांध आणि नळदुर्गाला जाऊन माघारी आण. मधे बंद पडता कामा नये. आणलास तर शेड तुझी. नाही आणलास तर सोमवारी कॉलेजच्या फॉर्मवर सही." सोमवार ही पुन्हा प्रवेश घ्यायची शेवटची तारीख होती.

रणधीरनं इंजिन खोललं. सिलिंडरच्या आतल्या नळ्या, म्हणजे स्लीव्ह, नव्या बसवल्या, सोलापूरहून रिंगांचा सेट आणला आणि गुरुवारी फटी मोजायला बसला.

आता पिस्टनची रिंग काही बांगडीसारखी अखंड नसते. एका जागी कापलेली असते, आणि ती फट हाच तिचा जीव. इंजिन तापलं की रिंग फुगते. फुगायला जागा नसली तर टोकाला टोक भिडतं, आणि मग रिंग तरी मोडते नाहीतर सिलिंडर तरी सोलून निघतो. म्हणून रिंग सिलिंडरमध्ये घालायची, उलट्या पिस्टननं सरळ दाबायची आणि फटीत फिलर गेजची ठरावीक जाडीची पोलादी पाती सरकवून बघायची. रणधीरची एकही पाती जाईना. बाराच्या बारा रिंगा तंग. मग कानस घेतली. दोन हात मारायचे, मोजायचं, पुन्हा दोन हात. दिवस मावळेपर्यंत बारा रिंगा झाल्या. वर्तमानपत्रावर खडूनं एक, दोन, तीन लिहून ज्या सिलिंडरच्या रिंगा त्याच आकड्यापुढं मांडल्या. (आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं एखादा अभ्यास पुरा केला होता.)

हे गुरुजी खुर्ची टाकून बघत होते.

"काय चाललंय?"

"फट वाढवतोय, अप्पा."

"नव्या वस्तूची?"

"व्हय."

"म्हणजे आधीच तुटकी आली आणि वरून तू आणखी कापतोस?"

"फट असावीच लागते, अप्पा."

"असावीच लागते," गुरुजी म्हणाले. वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोराकडे ते ज्या सुरात बघायचे, त्याच सुरात. (गुरुजींच्या बघण्यालासुद्धा सूर आहे.) पुढं काही बोलले नाहीत. रणधीरला वाटलं, पटलं. म्हातारी माणसं गप्प बसली की पटलं असं समजणं, ही तरुणांची सगळ्यात मोठी गैरसमजूत.

शुक्रवारी रणधीर इंजिनाच्या झाकणाचं, म्हणजे हेडचं, गॅसकेट आणायला सोलापूरला गेला. तीनच्या सुमाराला परत आला. शेडमध्ये पाय टाकला आणि तिथंच थिजला.

रिंगा जागेवरच होत्या. पुसलेल्या, चकाकणाऱ्या. खडूचे आकडे नव्यानं, सुंदर अक्षरात गिरवलेले. आणि प्रत्येक रिंगेवर जिथं फट होती, तिथं पितळेचा पिवळाधमक टाका. वर कानशीनं गुळगुळीत केलेला. एक उचलली, दुसरी उचलली, तिसरी उचलली. बाराच्या बारा गोल. हातातलं गॅसकेट कधी खाली पडलं ते त्याला कळलं नाही.

"आई!" तो ओरडला. "आई, हे कुणी केलं?"

चंद्रप्रभाबाई पदराला हात पुसत आल्या. "अरे, तुझ्या अप्पांनी. सकाळधरनं वीरप्पाच्या दुकानात उन्हात उभे होते बघ. पोराला दुकानदारानं तुटका माल दिला, पोरगं लाजंकाजंनं बोलत न्हाय, म्हणले. जेवलेसुद्धा न्हाईत."

म्हणजे वर उपकार!

वीरप्पा गावातला वेल्डर. ग्रिल, दारं, पाण्याच्या टाकीचे स्टँड सगळं त्याच्या हातचं. पन्नाशी उलटलेला, हाताचा पक्का. रणधीर तसाच पळत त्याच्या दुकानात गेला.

"वीरप्पाकाका, अप्पांना न्हाय कळत. तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं का न्हाय?"

"कळतंय की. म्या म्हनलं गुर्जींना. गुर्जी, रिंगला फट असतीय म्हनलं."

"मग?"

"गुर्जी म्हनले, वीरप्पा, सातवीत तू वर्तुळाची व्याख्या चुकला होतास. आता सांग."

"मग?"

"सांगितली. बरोबर आली!" चाळीस वर्षांनी पास झाल्याचा आनंद वीरप्पाच्या तोंडावर मावत नव्हता. "आन् मग गुर्जी म्हनले, आता सांग, वर्तुळाला फट असती का? म्या म्हनलं, न्हाय. मग बुजव म्हनले."

"म्हणून बुजवल्या?"

"गुर्जी समोर हुबे राहिल्यावर काय करू?"

रणधीरला रडावं की वीरप्पाचंच डोकं वेल्ड करावं कळेना. घरी आला तर गुरुजी शेडमध्ये उभे. "बघितलंस ना? चढव आता."

"कशी चढवू? फट ताकून— फट ताणून चढवतात रिंग पिस्टनवर!" संतापानं त्याची जीभसुद्धा घसरली.

"त्यात काय? हिलाही ताणता येईल." गुरुजींनी पहिल्या सिलिंडरची रिंग उचलली, दोन्ही हातांत धरली आणि ताणली. टण्! टाका शाबूत राहिला. रिंग बरोबर समोरच्या बाजूला मोडली. गुरुजींनी दोन तुकडे शांतपणे न्याहाळले.

"पाहा. मालच कच्चा."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चहाच्या हॉटेलात रणधीर शिरला की कुणीतरी म्हणायचं, "रणधीर, आमच्या दाराला फट हाय, अप्पांना सांग की." दुसरा म्हणायचा, "अप्पांना कशाला, व्याख्या पाठ असली की बास."

शनिवारी पुन्हा सोलापूर. तीच कंपनी, तसाच खोका. इकडं गुरुजींनी मात्र दिवस वाया घालवला नाही. रणधीरच्या ट्रंकेतलं इंजिनाचं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानापासून वाचून संपवलं. (रणधीरनं ते पुस्तक एवढं जवळून कधी पाहिलं नव्हतं.)

रविवारी सकाळी रणधीर नव्या रिंगा घेऊन शेडमध्ये आला, तर समोर गुरुजी खुर्चीवर, वीरप्पा पिंपावर आणि हॉटेलातली सात-आठ टाळकी बांधावर. सगळ्यांचे डोळे त्याच्या हातावर. कानशीकडे त्याचा हात गेला तसा बांधावरून आवाज आला, "आता फाडतंय बघ फट!" सगळे खदखदले. रणधीरनं हात मागं घेतला. त्या कानशीला आता हात लावायचा म्हणजे पुन्हा दिवसभर यांच्या पुढ्यात घासत बसायचं. मागचा सेट तंग होता म्हणून हाही असेल कशावरून? या खेपेला दुकानदारानं वरचा माल दिला असणार. त्यानं पहिली रिंग सरळ पिस्टनवर चढवली.

"फट मोजलीस?" गुरुजींनी विचारलं.

फटी बुजवणारा माणूस फटीची चौकशी करत होता! रणधीरला आधी कानावर विश्वासच बसेना, मग टाळूपर्यंत आग गेली.

"मोजली."

"तिन्ही सिलिंडरची? स्लीव्हमध्ये रिंग सरळ दाबून?"

"मोजली म्हणलं ना! अप्पा, तुम्ही तेवढं मला इंजिन शिकवू नका."

गुरुजींनी खुर्ची मागं सरकवली.

दुपारी इंजिन बांधून झालं. पहिल्या झटक्यात चालू झालं, निळा धूर सोडला, मग साफ ठोके पडायला लागले. चंद्रप्रभाबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवलं. रणधीर सीटवर बसला, साक्षीदार म्हणून वीरप्पा मडगार्डवर. बांधावरची टाळकी पहिल्यांदाच गप्प झाली होती आणि रणधीरनं ते सुख पुरतं चाखलं.

नळदुर्गापर्यंत ट्रॅक्टर लोण्यावरून चालल्यासारखा गेला. स्टँडपाशी वळवून घेतला आणि रणधीरनं टॉप गिअर टाकला.

"हळू घे की. नवं हाय," वीरप्पा म्हणाला.

"शेड दिसू द्या आधी!"

शेड दिसली. जळकोटच्या अलीकडचा शेवटचा चढ, आणि वर पत्रा उन्हात चमकत होता. गुरुजी दाराशी उभे असलेलेही दिसत होते. तेवढ्यात आतून आवाज आला, कुणी फरशीवर सांडशी आपटावी तसा. मग आणखी एक. ट्रॅक्टरनं आचका दिला आणि चाकं रस्त्यावर घासत जागेवर थांबला. वीरप्पा मडगार्डवरून सरळ उसात.

ट्रॅक्टर लोकांनी ढकलत आणला. रणधीरनं सगळ्यांसमोर हेड काढलं, खालून तेलाची टाकी सोडली आणि पिस्टन वर ठोकून काढला. दुसऱ्या सिलिंडरला वरपासून खालपर्यंत बोटभर रुंद ओरखडा. रिंगेचे तुकडे हातात आले. गुरुजींनी चष्मा लावला आणि तुकड्यांची दोन टोकं उजेडात धरली. एकमेकांवर घासून ती आरशासारखी लखलखत होती.

"भिडली," गुरुजी म्हणाले. "फटच नव्हती."

रणधीरनं ते तुकडे गुरुजींच्या हातून घेऊन स्वतः उजेडात धरले. समोर हा माणूस बरोबर बोलत होता, आणि त्यापेक्षा भयंकर असं त्या दिवशी त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. सिलिंडरसुद्धा नाही.

गुरुजींनी शेड वीरप्पाला दिली. विद्यार्थी आज्ञाधारक आहे म्हणाले.

सोमवारी साडेअकराला फॉर्मवर सही झाली. रणधीरचं गॅरेज गेलं, आणि दुसरं वर्ष पुन्हा पहिल्या तासापासून.