डॉक्टरांच्या घरी बधाई

हिजड्यांच्या प्रकृतीची पाहणी करायची, पण ती करताना आपण कुणाच्या दृष्टीस पडायचं नाही, असा बेत डॉक्टर श्रीधर चांदे यांनी आखला आणि तिथेच पहिली माशी शिंकली.

पाहणीची कल्पना त्याची नव्हती, वरून आली होती. नागपुरात इतवारीच्या बाजूला क्षयाने माणसं दगावू लागली, तेव्हा आरोग्यखात्याच्या मोठ्या साहेबांच्या लक्षात आलं की शहरातले हिजडे दवाखान्यात येतच नाहीत. पुरुषांच्या रांगेत त्या उभ्या राहिल्या तर पुरुष हुसकावून लावत, बायकांच्या रांगेत गेल्या तर बायका पदर सावरत उठून जात, आणि तिसरी रांग सरकारने काढली नव्हती. मग त्या आपल्या डेऱ्यातच खोकत बसत. यांची तपासणी कोण करेल, असं साहेबांनी बैठकीत विचारलं. बाकीचे डॉक्टर आपापल्या बुटांकडे बघू लागले आणि श्रीधरचा हात वर गेला. शिकलेल्या माणसाचं हे असंच असतं. सभेत हात वर जातो आणि घरी आल्यावर तो त्या हाताकडे बघत बसतो. हे म्हणणं खुद्द श्रीधरचंच आहे. पुढे ही हकीकत तो स्वतः रंगवून सांगे आणि स्वतःला कुठेही सूट देत नसे.

त्याच्या धंतोलीतल्या घरी त्या वेळी वेगळाच घोर होता. लग्नाला सहा वर्षं होऊनही पाळणा हललेला नव्हता. रामटेकला राहणाऱ्या त्याच्या मातोश्रींनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर मुलाचं दुसरं लग्न. काटोलची एक मुलगी त्यांनी हेरूनही ठेवली होती. उत्तराने, म्हणजे श्रीधरच्या बायकोने, डॉक्टरीणबाईंकडे जाऊन दोनदा तपासून घेतलं, सोमवार धरले, पिंपळाला प्रदक्षिणा घातल्या आणि रामटेकहून येणारा प्रत्येक काढा नाक दाबून प्यायला. श्रीधर व्याख्यानांत स्त्रियांच्या उद्धाराविषयी फार सुरेख बोले. आईसमोर मात्र त्याची दातखीळ बसे. उत्तराला काटोलच्या मुलीपेक्षा नवऱ्याच्या त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटे.

हिजड्यांचा डेरा लकडगंजात, लाकडाच्या वखारींच्या मागे होता. श्रीधर सायकल काढून निघाला खरा, पण वखारींच्या तोंडाशीच त्याचे शेजारी दत्तोपंत उभे. दत्तोपंत सेक्रेटरिएटमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद वाचलेले असल्यामुळे दुसऱ्यांच्या भानगडी वाचायची त्यांना सवय होती.

"इकडे कुठे गा, डॉक्टर?"

"लाकूड पाहून राहिलो," श्रीधर म्हणाला. आजूबाजूला दुसरं काही नव्हतंच.

"लाकूड कशाले?"

श्रीधरला काही सुचेना. दत्तोपंतांना सुचलं. ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "समजलो मी. पाळण्याले सागवानच घ्या बरं. आंब्याचं लाकूड किडते."

नाही म्हणावं, तर मग लाकूड कशाला हा प्रश्न पुन्हा आला असता. म्हणून श्रीधर नुसता हसला. त्या हसण्याने पुढचं सगळं काम केलं. दत्तोपंतांनी स्वतः घासाघीस करून त्याला सागवानाच्या चांगल्या जाड फळ्या घेऊन दिल्या, सायकलला बांधून दिल्या आणि आता ओझी उचलत जाऊ नका, घरात तुमची गरज आहे, असा सल्लाही दिला. उत्तराने विचारलं तेव्हा पुस्तकांचं कपाट करायचं आहे असं श्रीधरने सांगून टाकलं. पुढच्या दोन खेपांतही वखारीपाशी कुणी ना कुणी ओळखीचं भेटलंच, आणि परसात कपाटाचं लाकूड वाढत गेलं. डेरा काही त्याला दिसला नाही.

मग त्याने डोकं चालवलं. आपण तिकडे गेलो तर लोक बघतात. त्या मंडळींनाच आपल्या घरी बोलावलं तर प्रश्न मिटला. दारात येणाऱ्याला कोण अडवतं आणि डॉक्टरच्या दारात येणाऱ्याला तर कुणी विचारतही नाही. निरोप घेऊन दवाखान्यातला शिपाई रामाजी गेला. रामाजी भिडस्त माणूस. तुमची अंगं तपासायची आहेत, असं कुणाच्या तोंडावर सांगणं त्याला प्रशस्त वाटेना. चांदे डॉक्टरांनी रविवारी सकाळी सगळ्यांना घरी बोलावलं आहे, एवढं सांगून तो परतला.

डेऱ्यात एकच आनंद झाला. तिथल्या मुख्य होत्या देवकीगुरू. केस पिकलेले, उंच बांधा आणि आवाज असा की वखारीतले हमालही दबून असत. मूल झालेल्या घरी जाऊन गाणं-नाचणं करायचं आणि आशीर्वाद द्यायचा, ती बधाई हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय. पण कुणाकडे मूल झालं हे त्यांनाच हुडकत फिरावं लागे, दारात ताटकळावं लागे, कधी बोलणीही खावी लागत. गृहस्थाने आपण होऊन बोलावणं धाडलं, असं देवकीगुरूंच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. लग्न झालेल्या माणसाने घरी बोलावलं म्हणजे मूल झालं. आणखी कुठल्या कारणासाठी आपल्याला कुणी घरी बोलावील, हे त्या डेऱ्यातल्या कुणाच्याही मनात येणं शक्य नव्हतं. त्यांनी ढोलकीला नवी दोरी लावली आणि ठेवणीतली लुगडी बाहेर काढली.

दत्तोपंत त्याच आठवड्यात रामाच्या दर्शनाला रामटेकला गेले होते. रामाचं दर्शन त्यांनी आधी घेतलं की श्रीधरच्या मातोश्रींचं, हे नक्की सांगता येत नाही.

रविवारी सकाळी दारात टांगा थांबला. मातोश्री उतरल्या. बरोबर चिंचांची पिशवी, आवळ्यांचं मडकं आणि हिरवी साडी. उत्तरा पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला मधेच धरून उभं केलं.

"वाकू नको वं बाई आता. बस. उभी काहून राहिली?"

सहा वर्षांत सासूबाईंनी बस म्हटलेलं उत्तराने पहिल्यांदाच ऐकलं. ती बसली, आणि मग पाळणा सुताराकडे टाकला का, असं त्यांनी विचारल्यावर तिला सगळं समजलं. परसातलं कपाटाचं लाकूड तिला खिडकीतून दिसत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्या बघण्याविषयी सांगताना श्रीधर पुढेही दर वेळी थांबत असे. आपल्याला फार लाज वाटली, एवढंच म्हणून तो पुढे जाई.

आईला खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि ढोलकी वाजली.

फाटकातून देवकीगुरू आणि त्यांच्या सात-आठ चेल्या गात, टाळ्या देत आत येत होत्या. त्यांच्यामागे निम्मी धंतोली आली. दत्तोपंत तर आमंत्रण असल्यासारखे सर्वांच्या पुढे. ओसरी भरली. मातोश्री गोंधळून एकदा सुनेच्या पोटाकडे आणि एकदा ढोलकीकडे बघू लागल्या. बधाईवाल्या येतात त्या बाळंतपण झाल्यावर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"काहून गा श्रीधर, मले न सांगता झालं का?"

देवकीगुरूंनी गाणं संपवून पदर पसरला आणि बाळाला मांडीवर द्या म्हणाल्या. श्रीधर खांबाला धरून उभा होता. शेवटी उत्तराच पुढे झाली. तिने स्पष्ट सांगितलं, "बाळ नाही झालं. दिवसही गेलेले नाहीत. लाकूड कपाटाचं आहे."

ढोलकी थांबली. मातोश्रींच्या हातातली चिंचांची पिशवी खाली आली. चेहऱ्यावरची माया गेली आणि काटोल आलं. यापुढे दिवाळीपर्यंतही थांबायचं नाही, मुलगी याच महिन्यात बघून घ्यायची, असं त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं. उत्तरा भिंतीला टेकली. श्रीधर नेहमीप्रमाणे गप्प होता.

देवकीगुरू मात्र दुखावल्या होत्या. मूल नसलेल्या घरात त्यांनी ढोलकी वाजवली होती. त्यांच्यात याहून मोठी नामुष्की नाही.

"डॉक्टरसाब, मग आमाले बोलावलं कशाले? थट्टा करासाठी?"

आता पळवाट उरली नव्हती. जी गोष्ट लपवण्यासाठी त्याने तीन खेपा लाकूड वाहिलं, ती गोष्ट श्रीधरला सबंध धंतोलीसमोर सांगावी लागली. क्षयाची पाहणी आहे, सरकारला तुमची प्रकृती जाणून घ्यायची आहे, थोडे प्रश्न विचारायचे आहेत, मग तपासणी. दत्तोपंतांनी कान पुढे केला.

देवकीगुरू ओसरीवर ऐसपैस बसल्या. कुणी तपासायला बोलावलं याचं त्यांना नवल वाटलं, आणि रागही उतरला असावा. पण त्यांच्या डेऱ्याची एक रीत होती. नवं माणूस दारात आलं की आधी त्याने आपलं सगळं सांगायचं, काही राखून ठेवायचं नाही. मगच डेऱ्यातले लोक आपलं त्याला सांगत.

"जे आमाले पुसान, ते आधी तुमी सांगा. थांबा, मीच पुसतो. का पुसाचं होतं पयले?"

श्रीधरने मान खाली घालून एकेक प्रश्न सांगितला आणि गुरूंनी तो त्यालाच विचारला. खोकला आहे का? नाही. रात्री घाम येतो का? आत्ता येत होता, पण तो नाही म्हणाला. लग्न? झालं. मूल? नाही.

"काहून नाही?"

हा प्रश्नही त्याच्याच यादीतला होता. सर्वांना सारखेच प्रश्न विचारावेत म्हणून त्याने तो काढून टाकला नव्हता. श्रीधर चाचरत म्हणाला की कारण समजलेलं नाही, पत्नीची तपासणी दोनदा झाली, तिच्यात दोष सापडला नाही.

"बरं. अन् तुमची?"

"माझी काय?"

"तपासणी."

दवाखान्यात रोज दोनशे माणसांच्या पोटावर हात ठेवणाऱ्या डॉक्टरला ही शंका सहा वर्षांत एकदाही आली नव्हती. मातोश्री पुढे सरसावल्या.

"पुरुषाची कशाले तपासणी? आमच्या घराण्यात असं काही नसते."

देवकीगुरूंनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"माय, अंग कोणाचं कसं बनलं, ते लुगड्यावरून अन् धोतरावरून समजत नाही. हे आमच्याहून जास्त कोणाले मालूम आहे?"

मातोश्री दोन पावलं मागे सरल्या. बधाईवाल्यांच्या शब्दाला उलट बोलायचं म्हणजे त्यांची हाय, त्यांचे शिव्याशाप घ्यायचे, ही भीती होतीच. गुरूंनी निकाल देऊन टाकला. आधी डॉक्टर तपासून घेईल, मग आम्ही सगळ्या येऊ. तोवर या घरात दुसऱ्या लग्नाची गोष्ट कुणी काढायची नाही. दत्तोपंतांनी जोरजोरात मान हलवली, त्यामुळे संध्याकाळपर्यंत हा निकाल सीताबर्डीपर्यंत पोचणार हे नक्की झालं. उत्तराने गुरूंना चहा दिला. पेला देताना तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

अशा रीतीने हिजड्यांच्या आरोग्याच्या पाहणीत सर्वांत आधी तपासला गेला तो डॉक्टर श्रीधर चांदे. मोठ्या साहेबांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, पुन्हा लावला आणि इंग्रजीत दोनदा सॉरी म्हटलं. दोष त्याच्यातच होता आणि त्यावर औषध नव्हतं.

श्रीधर घरी आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आईसमोर दातखीळ बसू दिली नाही. उत्तराला बाजूला बसवून त्याने दोघींना सगळं सांगितलं. उत्तरा खूप रडली. सहा वर्षांचं ओझं उतरलं म्हणून रडली, आणि मूल होणार नाही म्हणूनही रडली. मातोश्री आतल्या खोलीत गेल्या आणि दिवेलागणीपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी देवकीगुरू आपलं वचन पाळायला आल्या. श्रीधरने ओसरीवरच, फाटक उघडं ठेवून, सगळ्यांना तपासलं. दोघींना क्षय निघाला. पुरुषांच्या वॉर्डात घ्यायचं की बायकांच्या, यावर खात्याने पुष्कळ खल केला. शेवटी व्हरांड्याच्या टोकाला पडदा लावून श्रीधरने दोन खाटा मिळवल्या.

मातोश्री त्या दिवाळीला नागपुरातच राहिल्या. काटोलचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. त्या सकाळी सुनेच्या आधी उठू लागल्या, तिच्यासाठी चहा टाकू लागल्या, तिचं डोकं दुखलं तर तेल घेऊन बसू लागल्या. श्रीधरला वाटलं, देवकीगुरूंच्या हायेची भीती अजून गेली नाही. एकदा जेवताना वरणात मीठ कमी होतं, म्हणून तो उत्तरावर जरा करवादला. मातोश्रींनी त्याला हात धुवायच्या निमित्ताने परसात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"तिच्याशी जपून बोल गा," त्या कळवळून म्हणाल्या. "उद्या रागावून माहेरी गेली, तर तुले आता दुसरी कोण देईन?"