ओव्हनचा तह

सकळ गृहस्थ, गृहिणी, लोहकर्मी व रिकामटेकडे यांस विदित व्हावे की, चष्म्याच्या दुकानाचे खासे मालक, ज्यांस अवघी गल्ली चष्मेवाले म्हणोन ओळखते, त्यांणी उतारवयात सुऱ्या घडविण्याचा छंद धरिला, आणि त्यापायी एके रविवारी घरात जी धामधूम जाहली, तिची हकिकत येणेंप्रमाणे.

पूर्ववृत्त ऐसे. चष्मेवाले यांच्या पहिल्या सुरीने टोमॅटो चिरिला नाही, चिरडिला. दुसरी भोपळ्याशी झुंजता जागीच दुभंगली. मग त्यांचे कुटुंब बाईसाहेब यांणी दोहींस माळ्यावर नजरकैदेत धाडिले आणि स्वयंपाकघरात बाजारच्या सुरीचा अंमल बसविला. हा सल चष्मेवाले यांचे काळजात राहिला. आपली एक तरी सुरी बाईसाहेबांच्या खणात जावी, याखेरीज दुसरी मनसब त्यांस नको होती.

मग मोडीतल्या गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचे पोलाद घासोन तिसरी सुरी घडविली, आणि अंगणात भट्टी शिलगाविली, आणि पाते लालबुंद होताच फ्रिजवरचे लोहचुंबक आणोन लाविले. चुंबक चिकटेना, तेव्हा पोलाद पुरते तापले, समय आला ऐसे जाणोन पाते तेलात बुडविले. धुराच्या फौजेने शेजारच्या काकूंच्या वाळत्या चादरी काबीज केल्या. मग कानस घासोन पाहिली, ती पात्यावरोन घसरोन गेली, म्हणजे पाते कडक जाहले. परंतु कडक तितकेच ठिसूळ. तात्काळ ओव्हनमध्ये भाजोन त्याचा ताठा उतरविला नाही, तर दुसरीची गत ठरलेली.

आणि आत येवोन पाहतात तो ओव्हनमध्ये केक ठाण मांडोन बसला! बाईसाहेबांची धाकटी बहीण सायंकाळी येणार होती. चष्मेवाले यांणी अर्जी गुजारिली. हुकूम आला, "केक होईपर्यंत ओव्हन मिळायचा नाही. आणि ते तेलकट हात पडद्याला पुसू नका."

मग तहाची बोलणी लागली. चष्मेवाले यांणी भांडी घासणे कबूल केले, आणि मेहुणीसमोर सुऱ्यांविषयी अवाक्षर न काढणे कबूल केले. तेव्हा ठरले की, केकाने वरचा मजला राखावा, सुरीने साबणाने न्हावोन खालचा घ्यावा, आणि आचेस कोणी हात लावू नये.

परंतु केकास पुरे ती आच पोलादास थोडकी. बाईसाहेब केस विंचरावयास गेल्या आणि मग बहिणीशी फोनवर गुंतल्या, तोच चष्मेवाले यांणी ओव्हनची कळ हलकेच पुढे फिरविली.

मेहुणी आली. सुरी हवी तशी सोनेरी निघाली, केक काळा. बाजारची सुरी त्यावर चालोन गेली, आणि वाकोन माघारी फिरली. मेहुणी बोलिली, "ताई, हा केकच आहे ना गं?" बाईसाहेबांनी ओव्हनची कळ पाहिली, मग नवरा पाहिला. चष्मेवाले यांची पाचावर धारण बसली.

"आणा तुमची सुरी," हुकूम जाहला.

नव्या पात्यास अद्याप मूठ नव्हती. चष्मेवाले यांणी घाईने धार लाविली, फडके गुंडाळिले. बाईसाहेबांनी पाते टेकविले, दाबिले, आणि केक आरपार दोन जाहला. धार कोठे मुरडली नाही.

मग निवाडा जाहला: केक गुन्हेगाराने एकट्याने संपवावा. तो त्यांणी आठवडाभर चहात भिजवोन खादला. बाईसाहेबांनी सुरी धुतली, पुसली, आणि आपल्या खणात ठेविली. बाजारची सुरी माळ्यावर गेली.

येणेंप्रमाणे खण सर जाहला. चष्मेवाले यांची दाढ अद्याप ठणकते, आणि ते गाल धरोन हसतात.